वकीलपत्र कोणाचे घ्यावे?

२०२५ च्या जुलै महिन्यात दहा दिवसांच्या अंतराने दोन निकाल लागले. २१ जुलैला मुंबई उच्च न्यायालयाने २००६ च्या लोकल गाड्यांतील बॉम्बस्फोटांच्या खटल्यात शिक्षा झालेल्या बाराही जणांना निर्दोष ठरवले. ३१ जुलैला विशेष न्यायालयाने २००८ च्या मालेगाव स्फोटातील सातही आरोपींना सोडून दिले. पहिल्या निकालानंतर टीव्हीवर, बसस्टँडवर, कचेऱ्यांतून एक सवाल ऐकू आला, ‘असल्यांची वकिली करणारे हे लोक कोण? त्यांना काही लाज?’ दहा दिवसांनी तोच सवाल, जवळजवळ त्याच शब्दांत, आमच्या मोहल्ल्यातल्या हॉटेलात चहा पिता पिता विचारला गेला. विचारणारे तेवढे बदलले होते.

पहिल्या सवालाला उत्तर देण्यात आम्ही मुसलमान आता तरबेज झालो आहोत. संविधानाची कलमे आम्हाला तोंडपाठ आहेत. दुसरा सवाल आमचाच, म्हणून त्याला उत्तर द्यायला कोणी पुढे येत नाही. ते द्यावे यासाठी हा लेखनप्रपंच.

आधी वकील करतो काय ते पाहू. आमच्याकडे समज असा, की आरोपीचा वकील म्हणजे आरोपीचा पाठीराखा. त्याने खून केला असेल तर हा खुनाचा समर्थक, त्याने बॉम्ब ठेवला असेल तर हा बॉम्बचा समर्थक. हे खरे धरले तर कसाबवर उपचार करणारे नायर रुग्णालयातले डॉक्टर कोणाचे समर्थक ठरतात? त्यांच्या घरांवर कोणी दगड मारले नाहीत. २००९ च्या मार्चअखेरीस अंजली वाघमारे यांची कसाबची वकील म्हणून न्यायालयाने नेमणूक केली, त्याच रात्री त्यांच्या घरावर जमाव गेला आणि दगडफेक झाली. डॉक्टरने जखम शिवली तर ती माणुसकी, आणि वकिलाने साक्षीदाराला दोन प्रश्न विचारले तर तो देशद्रोह, हा न्याय कुठला?

कसाबच्या खटल्याची हकीगत जरा सविस्तर सांगायला हवी, कारण आमच्या वादाचे सगळे धागे तिच्यात सापडतात. मुंबईतल्या महानगर दंडाधिकारी न्यायालयांच्या वकील संघटनेने ठराव केला, की आमचा कोणीही सदस्य त्याचे वकीलपत्र घेणार नाही. वाघमारेबाईंनी काम स्वीकारले, पण २६/११ च्या एका पीडिताच्या नुकसानभरपाईचे प्रकरणही त्यांच्याकडे असल्याचे निघाले, आणि हितसंबंधांचा विरोध म्हणून १५ एप्रिल २००९ ला त्यांना दूर करण्यात आले. त्यांच्या जागी अब्बास काझमी आले. शपथपत्रावर साक्ष दिलेल्या शेकडो औपचारिक साक्षीदारांच्या तपासणीवरून त्यांचा आणि न्यायालयाचा वाद झाला. सहकार्य करत नाहीत असा ठपका बसून नोव्हेंबरअखेर तेही गेले, आणि के. पी. पवार यांनी खटला शेवटास नेला. पुढे उच्च न्यायालयात अमीन सोलकर आणि फरहाना शाह, सर्वोच्च न्यायालयात राजू रामचंद्रन. २१ नोव्हेंबर २०१२ ला येरवड्यात कसाबला फाशी झाली. त्या फाशीवर जगात कोणी बोट ठेवू शकले नाही, याचे श्रेय आम्ही सरकारी वकिलाइतकेच या सर्व बचावाच्या वकिलांना देतो.

पण त्या खटल्यात कसाब एकटा नव्हता, हे आम्ही विसरलो आहोत. फहीम अन्सारी आणि सबाउद्दीन अहमद हे दोन भारतीय मुसलमान त्याच पिंजऱ्यात उभे होते. फहीमवर आरोप असा, की मुंबईचे हाताने काढलेले नकाशे त्याने पुरवले, आणि त्यातला एक नकाशा मारल्या गेलेल्या अतिरेक्याच्या पँटच्या खिशात मिळाला. फहीमचे वकील होते शाहिद आझमी. त्यांचा मुद्दा अगदी साधा, शाळकरी पोराला सुचावा असा. माणूस गोळ्यांनी चाळण झाला, कपडे रक्ताने भिजले, आणि खिशातला कागद कोरा करकरीत कसा? ना सुरकुती, ना रक्ताचा डाग. ३ मे २०१० ला न्यायाधीश ताहिलियानी यांनी कसाबला दोषी ठरवले आणि फहीम-सबाउद्दीन यांना सोडले. उच्च न्यायालयाने, नंतर सर्वोच्च न्यायालयाने ती सुटका कायम केली. निकाल ऐकायला शाहिद आझमी हयात नव्हते. ११ फेब्रुवारी २०१० ला कुर्ल्यातल्या टॅक्सीमेन्स कॉलनीतील त्यांच्या कार्यालयात त्यांना गोळ्या घातल्या गेल्या. वय बत्तीस.

‘या खटल्यातल्या कोणालाच वकील नको’ हा ठराव सर्वांनी पाळला असता तर? कसाबला फाशी झालीच असती, आणि तिच्याच दोराने कदाचित फहीमही गेला असता. नकाशाच्या कागदाकडे नीट पाहा असे न्यायाधीशांना सांगणारे तिथे कोणी नसते. लोकांना नकोसा झालेला माणूस आणि निरपराध माणूस एकाच पिंजऱ्यात, खांद्याला खांदा लावून उभे असू शकतात. बाहेरून ते ओळखू येत नाहीत. ओळखण्यासाठीच तर खटला असतो.

आता कायदा. संविधानाचे कलम २२ (१) सांगते, की अटक झालेल्या माणसाला आपल्या पसंतीच्या वकिलाचा सल्ला घेण्याचा आणि त्याच्यामार्फत बचाव करण्याचा हक्क नाकारता येणार नाही. त्यात नागरिक की परका, गुन्हा लहान की मोठा, असा भेद केलेला नाही. भारतीय वकील परिषदेच्या नियमांत वकिलाने आपल्या दर्जाला साजेशी फी मिळत असेल तर आलेले काम घ्यावे, काही विशेष कारण असेल तरच नाकारावे, असे म्हटले आहे. आरोपी दोषी आहे की नाही याबद्दल वकिलाचे स्वतःचे मत काहीही असो, बचाव करणे त्याचे कर्तव्य आहे, हेही तिथेच लिहिलेले आहे. ६ डिसेंबर २०१० रोजी सर्वोच्च न्यायालयाने ए. एस. मोहम्मद रफी विरुद्ध तामिळनाडू राज्य या प्रकरणात वकील संघटनांचे असले बहिष्काराचे ठराव बेकायदा आणि रद्दबातल ठरवले. गंमत अशी, की तिथे ज्यांच्यावर बहिष्कार होता ते अतिरेकी नव्हते, पोलीस होते. कोइमतूरच्या वकिलांची पोलिसांशी मारामारी झाली आणि त्या पोलिसांचे वकीलपत्र कोणी घ्यायचे नाही असे ठरले. न्यायमूर्ती मार्कंडेय काटजू आणि ज्ञानसुधा मिश्र यांनी त्या निकालात बंगालचे क्रांतिकारक, मीरत कटाचे कम्युनिस्ट, हैदराबादचे रझाकार, गांधीजी आणि इंदिराजींच्या खुनातले आरोपी, या साऱ्यांना या देशात वकील मिळाले होते याची आठवण करून दिली. पोलिसांनाही वकील हवा, रझाकारालाही हवा.

हा निकाल येऊन इतकी वर्षे झाली, ठराव काही थांबले नाहीत. २०१९ च्या नोव्हेंबरात हैदराबादजवळ एका तरुण पशुवैद्यक मुलीवर अत्याचार करून तिला जाळण्यात आले. चौघांना अटक झाली. शादनगरच्या वकिलांनी जाहीर केले, की यांचे वकीलपत्र आम्ही घेणार नाही. लोकांनी वाहवा केली. ६ डिसेंबरला पहाटे पोलिसांनी चौघांनाही ‘चकमकीत’ ठार केले, तेव्हा त्याहून मोठी वाहवा झाली, पोलिसांवर फुले उधळली गेली. सर्वोच्च न्यायालयाने नेमलेल्या न्यायमूर्ती सिरपूरकर आयोगाचा अहवाल २०२२ मध्ये आला. पोलिसांनी मारण्याच्याच हेतूने गोळ्या झाडल्या, आणि मेलेल्यांपैकी तिघे अल्पवयीन होते, असा त्याचा निष्कर्ष. अल्पवयीन! कोणताही, अगदी सहा महिन्यांपूर्वी सनद घेतलेला वकीलसुद्धा पहिल्या तारखेला पहिला प्रश्न विचारतो तो वयाचा. शाळेचा दाखला आणा म्हणतो. तो दाखला मागणाराच तिथे कोणी नव्हता. आम्ही शाळेत हजेरीपट आणि दाखले लिहिणारी माणसे; जन्मतारखेच्या त्या एका रकान्याचे मोल आम्हाला तरी कळायला हवे.

आणखी एक प्रकरण. १९९७ च्या डिसेंबरात दिल्लीत एका बसमध्ये स्फोट झाला, चार माणसे मेली. मोहम्मद हुसेन उर्फ झुल्फिकार अली या पाकिस्तानी माणसाला फाशी झाली, उच्च न्यायालयाने ती कायमही केली. खालच्या न्यायालयात बहुतेक साक्षीदारांची उलटतपासणीच झाली नव्हती, कारण त्याला वकील नव्हता. २०१२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ती शिक्षा रद्द करून खटला पुन्हा चालवायला लावला. या वेळी वकील होता. २०१३ मध्ये तो निर्दोष सुटला. तोच आरोपी आणि तोच स्फोट. एका खुर्चीवर माणूस बसल्याने एवढा फरक पडला.

आता आपल्या मंडळींच्या एका आक्षेपाकडे वळू. तो दीनचा आधार घेऊन केला जातो, म्हणून त्याला हात घालायला भलेभले कचरतात. सूरह निसामध्ये खियानत करणाऱ्यांच्या बाजूने वाद घालू नका अशी आज्ञा आहे, तेव्हा गुन्हेगाराची वकिली हरामच, असे म्हणणारे आम्हाला पुष्कळ भेटले. आयत बरोबर सांगतात. तिच्यामागची हकीगत मात्र सांगत नाहीत. तफसीरच्या ग्रंथांत ती अशी येते. मदीन्यात एका घरातून पीठ आणि चिलखत चोरीला गेले. चोरी केली होती अन्सारांपैकी एका कबिल्यातल्या माणसाने. पकडले जाऊ असे दिसताच त्याने चिलखत एका यहुद्याच्या घरी ठेवून दिले. कबिल्याची माणसे रसूलुल्लाह सल्लल्लाहु अलैहि वसल्लम यांच्याकडे गेली आणि आपल्या माणसाची तरफदारी करू लागली. आपला माणूस मुसलमान, समोरचा यहुदी, मग कोणावर विश्वास ठेवायचा, असा त्यांचा रोख. तेव्हा या आयती उतरल्या आणि तो यहुदी निर्दोष ठरला.

म्हणजे ही आयत कोणाच्या कामी आली? ज्याच्या बाजूने बोलायला साऱ्या वस्तीत कोणी तयार नव्हते, त्याच्या. आणि तिने फटकारले कोणाला? आपल्या जातभाईसाठी घोळक्याने जाऊन दबाव आणणाऱ्यांना. त्याच सूरहमध्ये पुढे इन्साफवर ठाम उभे राहा, मग ते तुमच्या स्वतःच्या, आईबापांच्या, नातलगांच्या विरुद्ध का जाईना, असा हुकूम आहे. तो आम्ही जुम्म्याच्या बयानांत ऐकतो आणि मशिदीच्या पायऱ्या उतरता उतरता विसरतो.

उर्दू शाळांतून हजरत अली आणि काझी शुरैह यांची गोष्ट मुलांना सांगतात. खलिफांचे हरवलेले चिलखत एका गैरमुस्लिमाकडे सापडले. खलिफांनी ते हिसकावून घेतले नाही, काझीकडे दावा लावला. काझीने साक्षीदार मागितले. मुलाची साक्ष बापासाठी चालणार नाही म्हणाला. आणि निकाल खलिफांविरुद्ध दिला. ही गोष्ट आम्हीही वर्गात सांगितली आहे. मुले खूश होतात. खलिफांपेक्षा काझी मोठा कसा, असे हमखास एखादे पोर विचारते. पण घरी गेल्यावर तीच मुले ऐकतात, की अमुक वकिलाने तमक्याचे वकीलपत्र घेतले, त्याच्याशी सलाम-दुआ बंद.

‘वकील’ हा शब्द मराठीत आला तो अरबी-फारसीतून. अल्लाहच्या नव्व्याण्णव नामांत ‘अल-वकील’ हे एक नाम आहे, ज्याच्यावर काम सोपवून निर्धास्त व्हावे असा. एवढ्या मोठ्या अर्थाचा शब्द ज्या पेशाला मिळाला, त्याची आमच्या बोलण्यातली किंमत ‘खोट्याचे खरे करणारा’ एवढीच उरली आहे. वकिलांचाही यात वाटा आहे, तो आम्ही नाकारत नाही. तारखांवर तारखा लावून अशिलाला पिळणारे, दोन्हीकडून खाणारे, कुठल्या तालुक्याला नाहीत? पण दुधात पाणी घालणारे गवळी असतात म्हणून कोणी दूध हराम ठरवत नाही.

राहिला खोटे बोलण्याचा मुद्दा. बचाव म्हणजे खोटे बोलणे नव्हे. अशील दोषी आहे हे वकिलाला कळले तरी ‘याने केले नाही’ अशी खोटी साक्ष तो उभी करू शकत नाही. तो सरकारला म्हणतो, तुम्ही आरोप केला, आता सिद्ध करा. पंचनामा खरा आहे का? कबुलीजबाब मारहाण करून घेतला का? ओळखपरेड नियमाप्रमाणे झाली का? हे प्रश्न दोषी माणसाच्या खटल्यात विचारण्याची सवय राहिली, तरच ते निर्दोष माणसाच्या खटल्यात विचारले जातील. लोकल स्फोटांच्या खटल्यात २०१५ मध्ये पाच जणांना फाशी आणि सात जणांना जन्मठेप झाली होती. दहा वर्षांनी उच्च न्यायालयाने नेमके हेच प्रश्न तपासून, सरकार पक्षाला आरोप सिद्ध करता आले नाहीत असे म्हटले. त्या बारांपैकी एक जण २०२१ मध्ये तुरुंगातच मरण पावला होता. राज्य सरकार लगेच सर्वोच्च न्यायालयात गेले. हा निकाल इतर खटल्यांत दाखला म्हणून वापरू नये असा अंतरिम आदेश तिथे झाला, पण सुटलेल्यांना परत तुरुंगात जायला सांगितलेले नाही. या बारांचा बचाव मांडणाऱ्यांत युग मोहित चौधरी होते, नित्या रामकृष्णन होत्या, निवृत्त मुख्य न्यायमूर्ती एस. मुरलीधर होते. आमच्या हॉटेलातले लोक या नावांना दुआ देतात. देतात ते ठीकच. पण या वकिलांनी मुसलमानांवर उपकार केले असे समजणे म्हणजे त्यांचा पेशा न समजणे. त्यांनी आपले काम केले. याच खटल्यात नऊ वर्षे तुरुंगात काढून २०१५ मध्ये सुटलेले अब्दुल वाहिद शेख आमच्याच पेशाचे, शिक्षक. सुटल्यावर त्यांनी ‘बेगुनाह कैदी’ हे पुस्तक उर्दूत लिहिले. आमच्या किती शाळांच्या ग्रंथालयांनी ते घेतले?

इतिहासाचे दाखले द्यायचे तर टिळकांचा खटला आठवतो. १९०८ मध्ये त्यांच्या जामिनासाठी जिना उभे राहिले, मिळाला नाही. १९१६ मध्ये पुन्हा उभे राहिले आणि जिंकले. आझाद हिंद फौजेच्या शाहनवाज खान, सेहगल आणि धिल्लन यांच्यासाठी १९४५ मध्ये भुलाभाई देसाई लाल किल्ल्यात उभे राहिले. हे दाखले सर्वांना आवडतात, कारण ते अशील सरकारला नकोसे होते, लोकांना नव्हे. बाहेर हार घेऊन गर्दी उभी असते तिथे वकीलपत्र घ्यायला छाती लागतेच, पण लोकच ज्याच्यावर थुंकतात त्याचे घ्यायला ती अधिक लागते. १९३४ मध्ये ‘समाजस्वास्थ्य’ मासिकातल्या लैंगिक प्रश्नोत्तरांवरून र. धों. कर्व्यांवर अश्लीलतेचा खटला झाला. पांढरपेशा महाराष्ट्र कर्व्यांच्या नावाने नाक मुरडत होता. डॉ. आंबेडकर त्यांच्या बाजूने उभे राहिले. अस्पृश्यांच्या चळवळीचा व्याप अंगावर असलेल्या माणसाला हे नसते लचांड कशाला, असे पुष्कळांना वाटले असेल. खटला हरले. हरलेल्या खटल्याचे वकीलही मोठे असतात. इंदिराजींच्या हत्येच्या खटल्यात बलबीर सिंगला दोन न्यायालयांनी फाशी सुनावली होती. राम जेठमलानींनी त्याचे काम पाहिले आणि १९८८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्याला सोडले.

आता आपल्या घरात येऊ. आमच्यात नकोसा अशील कोण? बॉम्बस्फोटातला मुस्लिम आरोपी आता आमच्यात नकोसा राहिलेला नाही. त्याच्यासाठी तंझीमा आहेत, चंदा आहे, जमियतचा कायदेशीर मदत विभाग वर्षानुवर्षे खटले लढवतो आहे. हे सारे आवश्यकच आहे. परंतु आमच्या मोहल्ल्यात कोणाचे वकीलपत्र घ्यायला आमचाच वकील घाबरतो, हे पाहिले पाहिजे.

आमच्या शाळेत झाडलोट करणारी एक बाई आहे. नवऱ्याने टाकली, दोन मुले पदरात. पोटगीचा अर्ज करायचा म्हणून ती कागद घेऊन मोहल्ल्यातल्या दोन वकिलांकडे गेली. दोघांनीही कागद वाचून परत दिले. एक स्पष्टच म्हणाला, ‘आपा, मला याच मोहल्ल्यात राहायचंय.’ नवरा जमातीच्या एका मोठ्या माणसाचा पुतण्या. तिसऱ्याने फी न घेता उपदेश केला, की कोर्टात गेल्याने दीनची बदनामी होते, त्यापेक्षा जमातीत बसून मिटवा. जमातीत ती तीनदा बसून आली होती. अखेर विधी सेवा समितीच्या यादीवरचा एक तरुण हिंदू वकील मिळाला. मेहेर म्हणजे काय आणि इद्दत किती दिवसांची, हे त्याला त्या बाईनेच समजावून सांगितले. आणि मग आमचेच लोक म्हणतात, की गैरमुस्लिम वकील आमच्या शरियतच्या बाबतीत ढवळाढवळ करतात!

शहाबानोच्या वेळीही हेच झाले. महिना १७९ रुपये २० पैशांची पोटगी. नवरा स्वतः वकील. १९८५ मध्ये तिचा निकाल लागला आणि शहरोशहरी आमचे मोर्चे निघाले. तिचे वकील डॅनियल लतीफी हे नाव आज आमच्या किती पोरांना माहीत आहे? समाजाचा रोष पत्करून त्यांनी ते काम केले, आणि १९८६ च्या कायद्यालाही त्यांनीच आव्हान दिले. २००१ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने कायदा कायम ठेवला, पण इद्दतीच्या काळातच पुढच्या आयुष्यासाठी वाजवी तरतूद करणे नवऱ्यावर बंधनकारक आहे असा अर्थ लावला. आज हजारो बायका त्या निकालाच्या आधाराने उभ्या आहेत. २०२४ च्या जुलैत तर सर्वोच्च न्यायालयाने सर्वसाधारण कायद्याखालीही त्यांना पोटगी मागता येते, हे पुन्हा स्पष्ट केले. शहाबानोला मात्र शेवटी दबावाखाली माघार घ्यावी लागली होती.

जाता जाता एक कामाची गोष्ट. १९८७ च्या विधी सेवा प्राधिकरण कायद्याप्रमाणे स्त्रिया, मुले आणि कोठडीतील माणसे यांना सरकारी खर्चाने वकील मिळतो, उत्पन्नाची अट नाही. हे पालकसभेत सांगितले, तर निम्म्या आयांनी पदराच्या टोकाला गाठ मारली.

शेजारी देशात हे प्रकरण कुठवर गेले ते पाहा. मुलतानच्या विद्यापीठातला तरुण अध्यापक जुनैद हाफीज याच्यावर रसूलच्या अवमानाचा आरोप झाला. वकील मिळेना. रशीद रहमान यांनी वकीलपत्र घेतले. भर न्यायालयात त्यांना धमकी दिली गेली, आणि ७ मे २०१४ ला त्यांच्या कार्यालयात शिरून त्यांना ठार मारले. आसिया बीबीचे वकील सैफुल मलूक यांना २०१८ मध्ये ती सुटल्यावर देश सोडून जावे लागले. आणि पंजाबच्या गव्हर्नरांचा खून करणाऱ्याला २०११ मध्ये न्यायालयात आणले, तेव्हा वकिलांनीच त्याच्यावर गुलाबाच्या पाकळ्या उधळल्या. या लोकांना १९२९ चा इल्मुद्दीन फार प्रिय. त्याच्या अपिलात खुद्द जिना उभे राहिले होते, असे ते छाती फुगवून सांगतात. खुनी इल्मुद्दीनला जिनांसारखा वकील मिळावा, आणि शेतमजूर आसियाला कोणीच मिळू नये!

आम्ही पाकिस्तानात राहत नाही, असे कोणी म्हणेल. खरे आहे. पण उद्या आपल्याच एखाद्या पोराने मोबाईलवर काही वेडेवाकडे लिहिले, दीनबद्दल शंका विचारली, आणि जमाव त्याच्या दारात आला, तर तालुक्याच्या कोर्टात त्याच्यासाठी उभा राहील असा मुस्लिम वकील किती गावांत आहे? हमीद दलवाईंच्या महाराष्ट्रात हा प्रश्न विचारावा लागतो. मुंबईच्या मोठ्या कब्रस्तानाच्या विश्वस्तांनी २६/११ च्या मृत अतिरेक्यांना जागा नाकारली, त्याचे देशभर कौतुक झाले. त्या निर्णयावर इथे वाद घालायचा नाही. मेलेल्याच्या कबरीचा प्रश्न निराळा. त्या कौतुकाची आम्हाला चटक मात्र लागली. नाकारले की शाबासकी मिळते, हे आम्ही शिकलो. जिवंत आरोपीच्या बाबतीत ही चटक परवडणारी नाही.

शेवटी मालेगाव, २००८. २९ सप्टेंबरला भिक्कू चौकात स्फोट झाला, सहा जण मेले. सतरा वर्षांनी सगळे सुटले. आमच्या लोकांचा राग समजतो, आमचाही आहे. पण तो कोणावर काढायचा? आरोपींच्या वकिलांवर? त्यांनी तेच केले जे शाहिद आझमींनी फहीमसाठी केले. तीसहून अधिक साक्षीदार उलटले, त्यांना सांभाळणे कोणाचे काम होते? २०१५ मध्ये विशेष सरकारी वकील रोहिणी सालियन यांनी जाहीरपणे सांगितले, की सरकार बदलल्यावर तपास यंत्रणेच्या अधिकाऱ्याने आपल्याला नरमाईने घ्यायला सांगितले. हे सांगायला लागणारी हिंमत हाच वकिलाचा पेशा. सरकारी वकिलाने निर्दोषाला शिक्षा होईल असे वागू नये आणि दोषीला सुटू देऊ नये, दोन्ही त्याच्यावर बंधनकारक.

याउलट उज्ज्वल निकम. कसाबने तुरुंगात बिर्याणी मागितली ही गोष्ट आपणच रचली होती, असे त्यांनी २०१५ मध्ये जयपुरात सांगून टाकले. लोकांत सहानुभूतीची लाट येत होती ती मोडायला म्हणून. न्यायालयात पुरावा भक्कम असताना न्यायालयाबाहेर थाप मारायची काय गरज होती? ती बिर्याणी मग वर्षानुवर्षे आमच्या ताटात वाढली गेली, शाळेच्या स्टाफरूममध्येसुद्धा. पुण्यात २०१४ मध्ये मारल्या गेलेल्या मोहसीन शेखच्या खटल्यातून हेच निकम २०१७ मध्ये बाजूला झाले. २०२३ च्या जानेवारीत त्यातले सर्व आरोपी सुटले. मोहसीनचे वडील त्याआधीच, न्यायाची वाट पाहत, गेले होते.

तेव्हा शिव्या द्यायच्याच तर पत्ता तपासून द्याव्यात. मालेगावच्या मृतांचे नातलग २०२५ च्या सप्टेंबरात स्वतः अपील घेऊन उच्च न्यायालयात गेले आहेत. त्यांच्या वकिलाच्या फीसाठी, कागदपत्रांच्या नकलांसाठी, तारखेला मुंबईला जाणाऱ्या म्हाताऱ्या बापाच्या एसटीच्या तिकिटासाठी आमच्या अंजुमनांनी काही रक्कम बाजूला ठेवली आहे का, हे विचारावे. सुनावणी सुरू होईल तेव्हा समोरच्या बाकावर त्या सात जणांचे वकीलही बसलेले असतील. त्यांनी साक्षीदारांच्या जबाबातल्या विसंगती एकेक करून वाचून दाखवल्या, तर आमच्या वकिलाने त्यांना उत्तर द्यावे. मोहल्ल्यातल्या हॉटेलाने देऊ नये.